पुलेशुच्या पलीकडे : ऑनलाइन कथेला वाचक आणि खरा अभिप्राय कसा मिळवावा

रात्री साडेअकराला कथा प्रकाशित करायची आणि झोप येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पान ताजं करत बसायचं. सकाळी उठून बघावं तर वाचनं चारशे आणि प्रतिसाद सात. त्यांत तीन 'छान', दोन 'आवडली', एक 'पुलेशु' आणि एक 'पुभाप्र', तोही कथा एकाच भागात संपलेली असताना. (नव्यांसाठी : पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत.) पहिली दोन-तीन वर्षं मी असेच सात-सात प्रतिसाद गोळा केले. त्यातून माझ्या एकाही कथेची एक ओळसुद्धा सुधारली नाही.

चूक वाचकांची नव्हती. मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. शिवाय दोन वेगळी कामं मी एकाच धाग्यावर (म्हणजे कथा आणि तिच्याखालचे प्रतिसाद यांच्या पानावर) उरकायला बघत होते. वाचक मिळवणं हे एक काम आणि अभिप्राय मिळवणं हे दुसरं. वाचकाला ताट वाढून हवं असतं. अभिप्राय हवा असेल तर कढईतलं चमच्यावर घेऊन कुणाला तरी चाखायला द्यावं लागतं. उघड्या धाग्यावर माणूस चारचौघांत बोलत असतो. मग तो एक तर सभ्यपणे गप्प बसतो, नाहीतर चारचौघं बघताहेत म्हणून जरा जास्तच तिखट बोलतो. कथा दुरुस्त करायला या दोन्हींचा उपयोग होत नाही.

म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी चार-पाच जणांकडून खासगीत अभिप्राय, मग दुरुस्ती, मग सगळ्यांसाठी प्रकाशन. खालचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १ : आधी कट्टा ओळखा

प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी असते. मायबोली हे मराठी संस्थळ (वेबसाइट) १९९६पासून चालू आहे. तिथे कथा-कविता 'गुलमोहर'मध्ये जातात आणि वाचकांत परदेशी राहणारे मराठी लोक भरपूर आहेत. मिसळपाव २००७चं. तिथे गद्य 'जनातलं, मनातलं'मध्ये आणि कविता 'जे न देखे रवी'मध्ये. 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादांनाही मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण अशा श्रेणी मिळतात, त्यामुळे नुसतं 'छान' लिहून पळायला लोक थोडे बिचकतात. प्रतिलिपि ही बंगळुरूची कंपनी २०१४मध्ये सुरू झाली. तिची तऱ्हाच निराळी आहे : मोबाइलवर वाचणारा वाचक, लांबलचक कथामालिका, तारे, समीक्षा, फॉलोअर्स. फेसबुकवरचे कथासमूह आणि व्हॉट्सॲपचे गट हे आणखी वेगळं प्रकरण.

नव्या जागी गेलात की पंधरा दिवस वाचनमात्र राहा. एक वही घ्या आणि तीन गोष्टी टिपा. कुठल्या प्रकारच्या कथांना लांब, मुद्द्याला धरून प्रतिसाद येतात? ते प्रतिसाद कोण देतं? आणि लेखक त्यांना काय उत्तर देतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. कुठल्याही संस्थळावर शेकडो सदस्य असले, तरी कथा बारकाईने वाचून तीन परिच्छेद लिहिणारे आठ-दहाच असतात. त्यांचे आयडी लिहून ठेवा. ही यादी पुढे लागणार आहे.

पायरी २ : आधी द्या

इंग्रजीत स्क्रिबोफाइल नावाचं एक संस्थळ आहे. तिथे दुसऱ्यांच्या लिखाणावर अभिप्राय लिहून गुण कमवायचे आणि ते खर्च करून स्वतःचं लिखाण टाकायचं, असा रिवाज आहे. त्या गुणांना त्यांनी नावसुद्धा 'कर्म' असं दिलं आहे. आपल्याकडे असा लेखी नियम नाही, पण हिशेब लोकांच्या डोक्यात असतोच. जी व्यक्ती फक्त स्वतःच्या धाग्यावर दिसते, तिच्या धाग्यावर फारसं कुणी फिरकत नाही.

द्यायचं म्हणजे 'मस्त!' असं दहा ठिकाणी लिहून हजेरी लावायची नव्हे. ते ओळखू येतं. महिन्याला चार कथांवरच लिहा, पण असं लिहा की लेखकाच्या हाती काहीतरी पडेल. 'शेवट आवडला' लिहिण्यापेक्षा 'सासूबाई डब्याचं झाकण उघडतात आणि आत काही नसतं, तिथे मी थांबले' असं लिहिलं, तर कुठलं वाक्य काम करून गेलं हे लेखकाला कळतं. 'मधला भाग कंटाळवाणा' याऐवजी 'बँकेतल्या प्रसंगात ते दोघं आधीच बोललेलं पुन्हा बोलतात असं वाटलं' असं लिहा. दुसऱ्याची कथा कशी सुधारावी हे मात्र सांगू नका. तुम्हाला वाचताना काय झालं, एवढंच सांगा. हे पथ्य पुढे तुमचे वाचकही पाळतील असं नाही, पण निदान तुम्हाला त्याची किंमत कळलेली असेल.

याचा एक फायदा लगेच दिसत नाही. दुसऱ्याच्या कथेत दोष नेमका कुठे आहे हे शोधायची सवय लागली, की स्वतःच्या कथेतलेही दिसायला लागतात. निम्मी दुरुस्ती मग कुणाला न विचारताच होते.

पायरी ३ : पहिले पाच वाचक

'सत्यकथा' चालू होतं तेव्हा श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक कथेवर लेखकासोबत बसून काम करत. हे मासिक १९८२मध्ये बंद पडलं. तसा संपादक वाट्याला यायला नशीब लागतं. ते नसेल, तर त्या एका माणसाचं काम चार-पाच जणांत वाटून द्यायचं. म्हणजेच पाचही जण एकाच साच्याचे नकोत.

माझी वाटणी अशी असते. एकजण भरपूर कथा वाचणारा, कारण कुठली कल्पना वापरून-वापरून गुळगुळीत झाली आहे ते तो सांगतो. एकजण कथेतल्या जगात वावरलेला. कथा कोर्टात घडत असेल तर वकील, शेतावर घडत असेल तर शेतकरी. तो साहित्य वाचत नसला तरी चालेल, किंबहुना बरंच. एकजण फोनवर येईल ते वाचणारा, कंटाळला की सरळ सोडून देणारा. आणि एक-दोन जण त्या वहीतल्या यादीतले, ज्यांचे प्रतिसाद तुम्ही टिपून ठेवलेत.

नवरा, बायको, आई आणि सगळ्यात जवळची मैत्रीण यांना या पाचांत घेऊ नका. ते कथा वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. 'ही नणंद म्हणजे आमच्या वन्संच ना?' हा प्रश्न कथेच्या काही कामाचा नाही आणि घरात मात्र महिनाभर पुरतो.

यादीतल्या अनोळखी माणसाला विचारायचं कसं? पुष्कळजण इथेच अडखळतात आणि शेवटी 'माझी कथा वाचून प्रतिक्रिया द्या, ही लिंक' असा निरोप वीस जणांना पाठवतात. त्याऐवजी एकाच माणसाला, त्याच्यासाठी म्हणून लिहिलेला व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवा. मी असा लिहिते :

'नमस्कार. मागच्या आठवड्यात त्या रेल्वेवरच्या कथेला तुम्ही प्रतिसाद दिला होता. बहिणीचा फोन फार लवकर येतो, हे तुम्ही म्हणालात ते अगदी पटलं. मी एक कथा लिहिली आहे, साधारण २२०० शब्द. अजून कुठे प्रकाशित केलेली नाही. पिठाच्या गिरणीवर घडते, शेवटाकडे एक मृत्यू आहे. वेळ असेल तर वाचाल का? मला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत, त्या कथेच्या खाली लिहिल्या आहेत. पुढच्या रविवारपर्यंत जमलं तर उत्तम. नसेल जमणार तर तसं कळवलंत तरी चालेल.'

यातलं काहीच शोभेपुरतं नाही. पहिल्या वाक्यांवरून त्याला कळतं की तुम्ही त्याचं लिखाण वाचलं आहे. शब्दसंख्या सांगितल्यामुळे किती वेळ जाणार याचा त्याला अंदाज येतो. मृत्यूची सूचना, कारण घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर माणूस ते वाचू शकत नाही. तारीख, कारण तारीख नसलेलं काम कुणीच करत नाही. आणि नकाराची वाट मोकळी, कारण नाही म्हणता आलं नाही की माणूस हो म्हणून गप्प बसतो आणि पुढे तुम्हाला टाळायला लागतो.

पायरी ४ : काय पाठवायचं आणि काय विचारायचं

पाठवण्याआधी कथा आठवडाभर मिटून ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाच्या खोलीत. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा. टंकलेखनाच्या चुका काढा. 'कि' आणि 'की', 'नी' आणि 'नि', सामान्यरूपातले अनुस्वार यांवरून वाचक अडला, की तो कथेतून बाहेर पडून मास्तर होतो, आणि मग तुम्हाला कथेवर नाही, शुद्धलेखनावर अभिप्राय मिळतो.

गुगल डॉक्सवर पाठवत असाल तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत करा आणि परवानगी फक्त टिप्पणी करण्याची द्या, संपादनाची नको. एकच प्रत पाचांना दिली, की पहिल्याने जिथे टिप्पणी केली तिथेच उरलेले चौघं बघतात. आणि 'मलाही असंच वाटलं' या तीन शब्दांवरून त्याला ते खरंच वाटलं होतं, की वाचल्यावर वाटलं, हे कधीच कळत नाही. टंकण्याचा कंटाळा असलेल्यांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायला सांगा. वाचून झाल्यावर लगेच, विचार न करता. माझ्या अनुभवात सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय याच वाटेने येतात. माणूस लिहिताना सावरून घेतो, बोलताना त्याचा आवाज कुठे पडला ते ऐकू येतं.

आता प्रश्न. 'कशी वाटली?' असं विचाराल तर 'छान' हेच उत्तर येणार. लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालंय असं विचारल्यावर कुणी वरणात मीठ कमी आहे म्हणत नाही. उत्तरात काहीतरी घडलेलं सांगावं लागेल, असे प्रश्न विचारा (सुमन ही माझ्या त्या गिरणीवरच्या कथेतली नायिका) :

वाचताना फोन बाजूला ठेवावासा कुठे वाटला?
कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं?
शेवटी सुमन गिरणी का बंद करते, असं तुम्हाला वाटतं?
एक पात्र काढूनच टाकायचं झालं तर कुणाला काढाल?

तीनाच्या वर विचारू नका. यांतले कुठले तीन, ते कथा पाहून ठरवा. तिसऱ्यासारखा, कथेतलं काय समजलं हे विचारणारा एक तरी हवाच. आणि हे प्रश्न कथेच्या खाली लिहा, वर नाही. वर लिहिलेत तर माणूस कथा वाचत नाही, परीक्षेचा उतारा वाचतो.

पायरी ५ : आलेल्या उत्तरांचं करायचं काय

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक कथा याच टप्प्यावर सुधारतात किंवा बिघडतात.

वर उल्लेख केलेली माझी कथा अशी होती. नवरा गेल्यावर सुमन गिरणी चालवते. शेजारच्या चाळीतल्या एकट्या आजी दर मंगळवारी दोन किलो ज्वारी घेऊन येतात. एका मंगळवारी त्यांचा डबा येतो, पण तो दुसरंच कुणी घेऊन आलेलं असतं. सुमन दळण अर्ध्यात टाकून खटकन गिरणी बंद करते. कथा संपते.

पाचजणांची उत्तरं आली. एक म्हणाला, शेवट कळला नाही. दुसरी म्हणाली, शेवट घाईत उरकलाय. तिसरी म्हणाली, आजी आजारी आहेत हे आधी यायला हवं होतं. चौथ्याला शेवट फार आवडला होता. पाचवे एक गिरणीवाले काका, ओळखीतले. त्यांचा आवाजी निरोप आला : 'बाकी ठीक आहे, पण दाणे आत असताना गिरणी कुणी बंद करत नाही. पुढच्या वेळी चालू करताना दगड अडतो, पट्टा घसरतो. शेवटचा दाणा खाली जाईपर्यंत थांबावंच लागतं.'

माझी पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. चौथा हुशार, बाकीचे अडाणी. दुसऱ्या दिवशी, तिघांना शेवट खटकला ना, मग शेवट बदलू, असं म्हणून मी दोन परिच्छेद वाढवले. कथा आणखी वाईट झाली.

तीन दिवस हात लावायचा नाही, हा नियम मी त्यानंतर घालून घेतला. तीन दिवसांनी सगळी उत्तरं एका कागदावर एकाखाली एक लिहिली. तेव्हा लक्षात आलं की तिघं तीन वेगळ्या तक्रारी करत नव्हते. तिघांचंही दुखणं एकच होतं : तो डबा आजींचा आहे, हे त्यांना ओळखूच आलं नव्हतं. आणि ते कसं येणार? झाकणाची मूठ तुटलेली, तिला लाल चिंधी बांधलेली, हा तपशील दुसऱ्या परिच्छेदात एकदाच, एका लांब वाक्याच्या पोटात दडवला होता. तक्रार शेवटच्या पानावर होती, दोष पहिल्या पानावर. मधल्या एका मंगळवारी सुमन ती चिंधी सोडून घट्ट बांधते, असं एक वाक्य घातलं. शेवटाला हातही न लावता तो कळायला लागला.

वाचक दुखतं कुठे हे बरोबर सांगतो. औषध मात्र तो बहुतेक वेळा स्वतःच्या आवडीचं सांगतो. दुसऱ्या वाचिकेने मला असंही सुचवलं होतं की सुमनचा मुलगा पुण्याहून परत यावा. मुलगा आणला असता तर कथेचं मालिकेत रूपांतर झालं असतं. पण ती असं का म्हणाली, हे फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, 'अगं, तिच्याशी कुणी बोलतच नाही सबंध कथेत.' ते खरं होतं. मुलगा आणला नाही. रांगेतल्या बायकांना दोन संवाद दिले.

आणि काका? त्यांचा मुद्दा एकट्याचाच होता. माझा ढोबळ हिशेब असा असतो : एकाने म्हटलं तर टीप करा, दोघांनी म्हटलं तर ती जागा पुन्हा वाचा, तिघांनी म्हटलं तर काहीतरी करावंच लागेल. पण वस्तुस्थितीची चूक एकाने दाखवली तरी पुरे. तिथे मतदान नसतं. मी आधी वैतागले, कारण खटकन बंद होणारी गिरणी हा माझा लाडका शेवट होता. मग सुमनला शेवटचा दाणा खाली जाईपर्यंत तिथे उभं राहावं लागेल, असं लिहून पाहिलं. जोत्यावर पीठ साचतंय, रांगेतल्या बायका गप्प झाल्या आहेत, आणि ती दाणे ओतायच्या हॉपरकडे बघत उभी आहे. कथेतली ती सगळ्यात चांगली आठ वाक्यं आहेत. ती माझ्या डोक्यातून आलेली नाहीत, पट्टा घसरण्यातून आली.

पायरी ६ : आता वाचकांसाठी

दुरुस्ती झाली, पुन्हा एकदा मोठ्याने वाचून झाली, की मग सगळ्यांसमोर. इथून पुढे ध्येय बदलतं. आता तुम्हाला वाचक हवेत.

संस्थळाच्या यादीत वाचकाला दिसतं ते फक्त शीर्षक आणि फार तर पहिल्या दोन ओळी. 'एक अनामिक नातं', 'ती', 'पाऊस' या शीर्षकांच्या इतक्या कथा आधीच पडून आहेत की तुमची कुठली हे तुम्हालाही शोधून सापडणार नाही. कथेतली एखादी वस्तू, एखादा शब्द शीर्षकात घ्या. सुरुवातीला हवामान नको. फोनच्या पडद्यावर दहा ओळींचा परिच्छेद भिंतीसारखा दिसतो, तो तोडा. पण एकेका वाक्याचा परिच्छेद करून कथेची जाहिरातही करू नका.

प्रकाशित करण्याआधी पूर्वपरीक्षण बघाच. काही ठिकाणी एकदा कथा टाकली की लेखकाला ती संपादित करता येत नाही, साध्या चुकीसाठीही संपादक मंडळाला व्यनि करावा लागतो.

वेळेचाही हिशेब असतो. भारतातली रविवार सकाळ म्हणजे अमेरिकेतली शनिवार रात्र. न्यूयॉर्कशी आपलं अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. दोन्हीकडचे वाचक निवांत असतात अशी ती वेळ आहे. भारताचा क्रिकेट सामना असेल, निवडणुकीचे निकाल असतील, किंवा संस्थळावर एखादा वाद पेटलेला असेल, तर थांबा. शंभर प्रतिसादांच्या भांडणाखाली तुमची कथा तासाभरात दुसऱ्या पानावर जाते.

नवखं असताना वाचक मिळवायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे शतशब्दकथा, अर्थात शशक. बरोबर शंभर शब्द. मिसळपाववर शशकच्या स्पर्धा झाल्या आहेत. अशा स्पर्धेच्या दिवसांत लोक एकामागून एक कथा वाचत असतात, आणि शंभर शब्द अनोळखी आयडीचेही वाचले जातात. एक शशक लक्षात राहिली, की पुढच्या लांब कथेवर लोक नावामुळे टिचकी मारतात.

'क्रमशः'बद्दल माझं मत कडक आहे. सगळे भाग लिहून झाल्याशिवाय पहिला टाकू नका. तिसऱ्या भागावर सोडून दिलेल्या कथामालिकांचं स्मशान प्रत्येक संस्थळावर आहे, आणि एकदा फसलेला वाचक त्याच लेखकाची पुढची मालिका उघडत नाही. भाग दोन-तीन दिवसांच्या ठरलेल्या अंतराने टाका, प्रत्येकात मागच्या भागाचा दुवा द्या, आणि दीडशे शब्दांचे भाग पाडून वाचनसंख्या वाढवायचा मोह आवरा. लोक तसं स्पष्ट सांगतातही, आणि त्यांचं बरोबर असतं.

पायरी ७ : धाग्यावर कसं वागावं

कथेखाली फार तर एक ओळ लिहा, आणि तीही नेमकी. 'प्रतिसाद जरूर द्या' यापेक्षा 'सुमनच्या जागी तुम्ही काय केलं असतं?' याला उत्तरं येतात.

प्रत्येक 'छान'खाली वेगळं 'धन्यवाद' लिहू नका. दर वेळी धागा वर येतो आणि तुम्ही तो मुद्दाम वर काढताय असं लोकांना वाटतं. संध्याकाळी सगळ्यांचे एकत्र आभार माना. ज्यांनी मुद्दा मांडला आहे त्यांना मात्र स्वतंत्र उत्तर द्या. ते उत्तर 'मला असं म्हणायचं होतं' या शब्दांनी सुरू होत असेल तर खोडा. कथेत आलं नाही ते धाग्यावर समजावून दिलं, की पुढचा वाचक ते स्पष्टीकरण वाचूनच कथा वाचतो. मतभेद असेल तर 'हा विचार मी केला नव्हता, पुन्हा वाचून बघते' एवढं पुरतं. मनात काहीही असो.

तिखट प्रतिसाद येणार. 'जिलबी पाडलीय' (म्हणजे उगाच काहीतरी लिहून टाकलंय) असंही कुणीतरी म्हणणार. आधी पाहा, त्यात कथेतल्या एखाद्या जागेचा उल्लेख आहे का. असेल तर कितीही बोचला तरी तो वहीत उतरवून घ्या. नसेल तर सोडून द्या. कंपूबाजी असते, डू आयडीही (एकाच माणसाचे दुसऱ्या नावाचे, डुप्लिकेट आयडी) असतात, पण 'माझ्याविरुद्ध कंपू आहे' असं जाहीर करणाऱ्याच्या बाजूने आजवर कुणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. दोन दिवस उत्तर देऊ नका. तोवर लोक दुसऱ्या धाग्यावर गेलेले असतात.

बोलीचं एक वेगळं आहे. संवाद मालवणीत, वऱ्हाडीत किंवा अहिराणीत लिहिलेत, तर शुद्धलेखनाचे पहारेकरी येतातच. त्यांच्यासाठी काही बदलू नका. मात्र ती बोली बोलणारा कुणी म्हणाला, की 'आमच्याकडे असं कुणी बोलत नाही', तर लगेच त्याला व्यनि करा आणि सगळे संवाद तपासून घ्या. असा माणूस पहिल्या पाचांतच हवा होता.

प्रतिलिपीसारख्या ठिकाणी तारे बघून हुरळू किंवा खचू नका. लोक ओळखीवर पाच देतात आणि रागावर एक. तिथे बघायचं ते वेगळंच. समजा पहिल्या भागाला ९०० वाचनं आहेत, दुसऱ्याला ४००, मग ३८०, ३७०. म्हणजे पुढची कथा धरून ठेवते आहे, गळती पहिल्या भागात आहे. शीर्षकाने एक कबूल केलं आणि कथेने दुसरंच दिलं. तेच ९००, ८५०, ८००, ३०० असेल तर तिसऱ्या भागाचा शेवट काढून वाचा. तिथे लोक उठून गेले आहेत.

चोरी आणि दिवाळी अंक

कथा आवडली की ती व्हॉट्सॲपवर फिरते, आणि फिरताना पहिलं गळतं ते लेखकाचं नाव. शेवटी लिहिलेलं नाव कापायला सोपं असतं, म्हणून ते शीर्षकाखालीही लिहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनावरचा हक्क ते लिहिल्याबरोबर तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर ६० वर्षं टिकतो. मात्र तो शब्दांवर असतो, कल्पनेवर नाही. 'माझी आयडिया चोरली' म्हणून भांडण होतं, दावा होत नाही. कच्च्या प्रती तारखेसह जपून ठेवा. स्वतःलाच मेल केलेली प्रतही कामाची. उचललेली कथा दिसली तर आधी टाकणाऱ्याला शांतपणे लिहा. बरेचदा त्याला ती फॉरवर्ड म्हणूनच आलेली असते, आणि तो नाव घालतो किंवा काढून टाकतो. नाही ऐकलं तर त्या व्यासपीठाकडे तक्रार.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. १९०९च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांत कथा यावी असं वाटत असेल, तर लक्षात घ्या की अनेक संपादक अप्रकाशित कथाच मागतात आणि फेसबुकवर टाकलेलीही प्रकाशितच धरतात. पाचजणांना खासगीत वाचायला देणं म्हणजे प्रकाशन नव्हे. म्हणून तुमची सगळ्यात चांगली कथा पाचांपर्यंतच ठेवा, पाऊस सुरू होता-होता अंकांकडे पाठवा, आणि 'साभार परत' आली तर मग धाग्यावर टाका. अर्थात सगळ्याच कथा राखून ठेवल्यात तर नाव कुणाला माहीत होणार? दोन टाका, एक राखा, असं काहीतरी प्रमाण आपापलं ठरवावं.

कथा टाकून दहा दिवस झाले, की धाग्यावरचे कामाचे प्रतिसाद उतरवून घ्या. संस्थळं बंद पडतात, धागे उडतात. आणि पहिल्या पाचांना दुवा पाठवा, सोबत प्रत्येकाला त्याच्यामुळे नेमकं काय बदललं ते एका ओळीत लिहून. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाचांपैकी तिघांनी विचारलं, पुढची कधी पाठवतेस? गिरणीवाल्या काकांनी कथेबद्दल अवाक्षर काढलं नाही. 'आता बरोबर बंद केलीस,' एवढंच म्हणाले.